रात्री एक वाजता गाय बसली, तर डॉक्टर कुठून आणायचा?

बालाघाटी (धागाकर्ता)

बीड जिल्ह्याचा डोंगरपट्टा. नऊ गाई, दोन म्हशी, दोन्ही वेळचं दूध संकलन केंद्राला. गेल्या महिन्यात तिसऱ्या वेताची संकरित गाय गेली. २२ लिटरची होती. संध्याकाळी व्यायली, वासरू उभं राहिलं, वार (गर्भाची पिशवी) पडली, आम्ही निवांत झोपलो. रात्री एकला बायकोने उठवलं. गाय बसलेली, मान पोटाकडे वळवलेली, कान गार.

काय झालंय ते मला कळलं होतं. दुधाचा ताप. नाव तापाचं, पण अंग गार पडतं. कॅल्शियम शिरेतून गेलं की मेल्यासारखी पडलेली गाय उठून उभी राहते, हे मी दोनदा बघितलंय. बाटलीसुद्धा घरात होती. शिरेत सुई घालणारा माणूस तेवढा नव्हता. सरकारी दवाखाना सहा किलोमीटरवर, पण तिथे मुक्कामी कोणी नाही. डॉक्टरांकडे तीन दवाखान्यांचा कारभार, ते राहतात तालुक्याला, ३८ किलोमीटर. खासगी डॉक्टर दुसऱ्या गावात अडलेल्या म्हशीपाशी. शेवटी गावोगाव इंजेक्शनं देत फिरणारा एक पोरगा आला. त्याने सलाइन लावलं आणि पाच मिनिटांत बाटली रिकामी केली. गाय एकदा थरथरली आणि गेली.

पोरावर राग नाही. तो आला तरी.

सरकार पैसा देत नाही असं म्हणायला मला तोंड नाही. फिरत्या दवाखान्याच्या गाड्या आल्या, त्या बोलवायला १९६२ हा फोन नंबर आला, लाळ्या-खुरकुताची लस फुकट मिळते, सगळ्या गुरांच्या कानात बिल्ले मारून झाले. मग हा पैसा रात्री एक वाजता गोठ्यापर्यंत का पोचत नाही? राजकारण करायचं असेल त्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

---

निवृत्त_पर्यवेक्षक

वाचून वाईट वाटले. आधी एक गोष्ट, म्हणजे पुन्हा कोणाची गाय जाऊ नये. कॅल्शियमची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवावी आणि शिरेतून अगदी सावकाश सोडावी, दहा-पंधरा मिनिटे तरी, हृदयाचे ठोके ऐकत. भराभर सोडली तर हृदय थांबते. आपल्याकडे तेच झाले असावे.

आता आपला प्रश्न. मी ३४ वर्षे पशुधन पर्यवेक्षक म्हणून काढली. माझ्या काळात दवाखाने दोन प्रकारचे होते, हे अनेकांना ठाऊक नसते. श्रेणी १ मध्ये पशुधन विकास अधिकारी, म्हणजे पदवीधर पशुवैद्य. श्रेणी २ आमच्यासारख्या पदविकाधारकांच्या भरवशावर चालत आले. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. त्यानुसार उपचार हे नोंदणीकृत पदवीधराचे काम, आम्ही फक्त किरकोळ सेवा द्यायच्या आणि त्याही त्याच्या देखरेखीखाली. कागदावर ठीक. प्रत्यक्षात देखरेख करणारे साहेब तीन ठिकाणचे प्रभारी, आणि दारात माणूस उभा की "दादा, म्हैस अडलीय, चला." न जावे तर गाव शिव्या घालणार, जावे तर कायदा आड येणार. मी गेलो. प्रत्येक वेळी गेलो. आज सांगायला हरकत नाही.

---

हिशेबी

आकडे मांडतो, भावना बाजूला ठेवून.

२०१९ ची विसावी पशुगणना: राज्यात सुमारे १ कोटी ३९ लाख गोवंश, ५६ लाख म्हशी. बेरीज १ कोटी ९५ लाख. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्येच सांगून ठेवलंय की ५,००० मोठ्या जनावरांमागे एक पशुवैद्य हवा. भागाकार केला तर ३,९०० डॉक्टर. शेळ्या-मेंढ्या साधारण १ कोटी ३३ लाख, दहांचं एक जनावर धरलं तर आणखी अडीचशेच्या वर. म्हणजे चार हजारांच्या पुढे.

आता २०२५ ची लोकसेवा आयोगाची जाहिरात आठवा. पशुधन विकास अधिकारी, गट अ, जागा २,७९५. एका जाहिरातीत! यावरून खड्डा किती खोल आहे ते समजून घ्या. धागाकर्त्याच्या गोठ्यात दिसलं ते या भागाकारातही दिसतं.

---

शेळीवाली_ताई

> दहांचं एक जनावर धरलं तर

हे कोन धरलं हो? दहा शेळ्या म्हंजे एक गाय? आमच्या यवतमाळात या अन् पाहा. गाय ज्याच्या घरी त्याच्याकडे वावर असते. शेळी जिच्या घरी तिच्याकडे फक्त शेळीच असते. पोराची फी शेळी भरते, दवाखान्याचं बिल शेळी भरते. माह्या तीन बोकडांचं पोट फुगून गेलं होतं एका पावसाळ्यात, डॉक्टर म्हने शेळीसाठी कोन एवढ्या दूर येते. चूक त्याची पन नाही, दोनशे रुपयाचं पेट्रोल जाळून तो शेळीचे किती घेईल?

आमच्याकडे आता पशुसखी आहे, बचत गटातलीच बाई. जंताचं औषध पाजते, लस टोचते, खुरं कापून देते. रात्री बोलावलं तरी येते, काहून की तिचं घर चौथं आहे. मोठं दुखनं तिच्या हाती नाही, हे ती स्वतः सांगते. पन दुखनं मोठं होऊच देत नाही, हे काय कमी आहे?

---

हिशेबी

ताई, भागाकार मागे घेतो. तुमचा मुद्दा बरोबर आहे.

---

चाकावरचा_डॉक्टर

मी फिरत्या पथकात कंत्राटी आहे. जिल्हा सांगत नाही. गाड्यांबद्दल इथे दोन्ही टोकांचं बोललं जाईल, म्हणून आधीच लिहितो.

योजना अशी आहे: एक लाख पशुधनामागे एक गाडी. गाडी घ्यायला आणि आतली सोय करायला केंद्र शंभर टक्के पैसा देतं, गाडीमागे १६ लाख. पुढे चालवायचा खर्च, म्हणजे आमचे पगार, डिझेल, औषधं, हा केंद्र ६०, राज्य ४०. गाडीत तिघं: एक पशुवैद्य, एक पदविकाधारक सहायक, एक चालक.

गाडी चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. टाके घालायचं सामान आत असतं, औषधं असतात, आणि ज्या वाडीने जन्मात पदवीधर डॉक्टर पाहिला नव्हता तिथे आम्ही जाऊन आलोय. पण एक लाख जनावरं म्हणजे किती, याचा विचार करा. वर ५,००० ला एकचा हिशेब आलाय, त्याच्या वीसपट. मी सकाळी एका टोकाला वार काढत असतो, दुसऱ्या टोकाला कोणाची तरी म्हैस अडलेली असते, मध्ये घाट. बाकीची व्यवस्था भरलेली असेल तर तिच्यावरचा जादा हात म्हणून गाडी उत्तम आहे. रिकाम्या दवाखान्याऐवजी गाडी धरलीत तर फसगत.

आणि यंत्र विकत घेणं सोपं असतं. १६ लाख एकदा मंजूर झाले, फीत कापली, फोटो आला. माणूस ठेवायचा तर दर महिन्याला पैसे लागतात आणि त्याचा फोटो निघत नाही.

---

करवीरकर

आमच्या कोल्हापूरकडं ही रड कमी हाय. कारण सरकार न्हवं, दूध संघ. संघाचे डॉक्टर हैत, संस्थेत नाव नोंदवायचं, डॉक्टर गोठ्यावर येतो, पैसे दुधाच्या बिलातनं कापून. रोख द्यायची भानगड न्हाई, उधारीची लाज न्हाई. डॉक्टरालाबी खात्री असती की फी मिळणार.

माझं म्हणणं एवढंच, सरकारनं पैसा द्यायचा तर असल्या ठिकाणी द्यावा. जिथं दूध गोळा हुतंय तिथं डॉक्टरची साखळी आपोआप तयार हुती.

---

बालाघाटी

करवीरकर, तुमचं दूध संघात जातं, आमचं खासगी संकलन केंद्रात. केंद्रवाल्याला फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) कळतं, गाय कळत नाही. उद्या माझी गाय मेली तर तो शेजाऱ्याचं दूध घेईल, त्याला काय फरक? तुमच्याकडे सभासदाची गाय मेली की संघाचं दूध घटतं, म्हणून संघ डॉक्टर पाळतो. आमच्याकडे दूध गोळा होतंच आहे की, साखळी काही आपोआप तयार झाली नाही.

---

शिरवळची_पोरगी

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटचं वर्ष. काका-मामांनो, "आजकालची पोरं गावात जायला नको म्हणतात" हे अजून कोणी लिहिलं नाही, पण येणार हे माहीत आहे, म्हणून आधीच उत्तर देऊन टाकते.

साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात शेवटचं वर्ष आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप. प्रवेश नीटच्या गुणांवर, त्यामुळे वर्गात अनेकांना खरं तर एमबीबीएस हवं होतं. बाहेर पडल्यावर रस्ते तीन. स्पर्धा परीक्षा, औषध किंवा पशुखाद्याची कंपनी, नाहीतर पुण्या-मुंबईत कुत्र्या-मांजरांचा दवाखाना. चौथा रस्ता, म्हणजे गावात मोठ्या जनावरांची खासगी प्रॅक्टिस, हा खरं तर आम्हाला शिकवलेल्या विद्येचा गाभा. मला तेच करायचंय. म्हशीच्या पोटात हात घालून वासराचा वळलेला पाय सरळ केला ना, की त्या दिवशी जेवण गोड लागतं.

पण अडचणी ऐका. आमच्या वर्गात निम्म्या मुली. इंटर्नशिपसाठी ज्या दवाखान्यांत गेलो त्यांतल्या एका ठिकाणी संडासाला दार नव्हतं. रात्री दोनला अनोळखी माणसाच्या मोटारसायकलवर मागे बसून मळ्यात जायचं, हे मी एकदा करेन, दहादा करेन, पण माझ्या आईला कसं सांगू? आणि हे एकटीने. माणसांच्या मोठ्या दवाखान्यात रात्रपाळी असते, सकाळी दुसरा डॉक्टर येतो. आमच्याकडे रात्री जागलेली मीच, सकाळी आठला ओपीडीलाही मीच.

---

एक_मत

एवढं लाडावून ठेवायची गरज नाही. सरकारी महाविद्यालयात जनतेच्या पैशावर शिकता ना? एमबीबीएसवाल्यांना एक वर्ष ग्रामीण सेवेचं बंधपत्र असतं. तेच इथे लावा. प्रश्न संपला.

---

निवृत्त_पर्यवेक्षक

बंधपत्राने वर्ष मिळेल, माणूस मिळणार नाही. गुरांचा डॉक्टर एका वर्षात गावाला कळत नाही आणि गाव त्याला कळत नाही. कोणाची म्हैस लाथाळ, कोण मालक फी बुडवतो, कुठल्या शिवारात फऱ्या रोग दर पावसाळ्यात उठतो, हे समजायला दोन-तीन वर्षे लागतात. तेवढ्यात बंधपत्र संपून नवा येणार. आमच्या काळी एक डॉक्टर एकाच ठिकाणी अकरा वर्षे होते. त्यांना गाईचे नाव घेऊन फोन यायचे, मालकाचे नव्हे.

---

मिनेसोटाकर

मी मूळचा परभणीचा, तिथेच पदवी, आता अमेरिकेत दुभत्या जनावरांच्या आहाराचं काम करतो. अमेरिकेचं नाव काढलं की लोक चिडतात, पण गंमत म्हणजे नेमका हाच रोग इथेही आहे. शहरात मांजरांचे दवाखाने ओसंडून वाहतायत आणि कुरणांच्या भागात दोन-दोन परगण्यांना मिळून गाईंचा एक डॉक्टर, तोही साठीचा.

यावर इथल्या केंद्र सरकारचा एक कार्यक्रम आहे. कायदा २००३ चा, प्रत्यक्ष पैसे वाटायला २०१० उजाडलं (सरकारं सगळीकडची सारखीच). पद्धत अशी: प्रत्येक राज्याचा पशुआरोग्य अधिकारी सांगतो की माझ्याकडे अमुक भागात डॉक्टर नाही. ती यादी जाहीर होते. मग डॉक्टर अर्ज करतो की मी त्या भागात तीन वर्षं राहतो. त्याबदल्यात सरकार त्याचं शिक्षणकर्ज फेडतं. बरीच वर्षं हा दर वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत, तीन वर्षांचे ७५ हजार, असा होता. इथे पशुवैद्य बाहेर पडतो तेव्हा डोक्यावर दीड-दोन लाख डॉलरचं कर्ज सहज असतं, त्यामुळे ही रक्कम त्याला खेचून नेते.

दोन गोष्टी मला आवडल्या. एक, टंचाईचं ठिकाण नकाशावर नाव घेऊन ठरतं. "ग्रामीण भाग" असं मोघम नाही. अमुक परगणा, अमुक जनावरं, आठवड्याचा इतका वेळ मोठ्या जनावरांना. दोन, पैसा माणसाच्या मुक्कामाला बांधलेला आहे. राहिलास तर मिळेल.

न आवडलेली गोष्ट: या मदतीवर कर लागतो. तो सरकारच भरतं, पण त्याच निधीतून. त्या ७५ हजारांमागे तेव्हा आणखी २९ हजार २५० डॉलर थेट कर खात्याकडे जायचे. एका खिशातून काढून दुसऱ्यात. तेवढ्यात आणखी डॉक्टर बसले असते. तो कर काढा म्हणून पशुवैद्यांची संघटना कित्येक वर्षं संसदेच्या पायऱ्या झिजवतेय.

---

चाकावरचा_डॉक्टर

मिनेसोटाकर, मुद्दा घेण्यासारखा आहे, पण जसाच्या तसा इथे लागू होणार नाही. आमच्या डोक्यावर तुमच्यासारखी कर्जं नसतात, सरकारी महाविद्यालयांची फी त्या मानाने कमी. ज्याच्यावर कर्जच नाही त्याला कर्जमाफीचं गाजर दाखवून काय उपयोग? आमच्याकडे डॉक्टर अडतो तो दुसऱ्या गोष्टींवर: राहायची खोली, बायकोची नोकरी, मुलांची शाळा, आणि रात्रीच्या कामाचा मोबदला. कंत्राटी माणसाला तर पुढच्या वर्षी आपण असू की नाही हेच माहीत नसतं. तो कशाला गाईंची नावं पाठ करेल?

मुक्कामाला पैसा बांधा, हे मात्र शंभर टक्के. रात्री सातनंतर गोठ्यावर गेलेल्या प्रत्येक फेरीला सरकारने वेगळे पैसे द्यावेत. मग तो सरकारी असो, खासगी असो की संघाचा. नोंदीची सोय तर आयती आहे, कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर आहे. सध्या त्या नंबरावर लसीची नोंद होते, विक्रीची होते. रात्रीच्या फेरीची का होऊ नये?

---

एक_मत

आणि मग न केलेल्या फेऱ्यांची बिलं निघतील. आपल्याकडे काय होतं ते माहीत आहे.

---

चाकावरचा_डॉक्टर

निघतील. काही निघतीलच. मालकाच्या मोबाइलवर संदेश जाऊ द्या, त्याने हो म्हटलं की बिल. तरी थोडी गळती होईल. पण आज गळायलाही काही नाही.

---

गिधाडमित्र

थोडं अवांतर, पण जवळचंच. डॉक्टर नसतो तिथे काय पोकळी भरते? झोळीत बाटल्या घेऊन फिरणारा माणूस. त्याच्याकडे एक वेदनाशामक, एक प्रतिजैविक, सगळ्या रोगांवर तेच. डायक्लोफेनॅक टोचलेल्या गुरांचं मढं खाऊन देशातली गिधाडं किती झपाट्याने संपली, ते आठवा. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली, २०२३ मध्ये एसेक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेनवर. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून ते गोठ्यात जात राहिलं. तीच गोष्ट प्रतिजैविकांची. गाईला दगडी (कासेची सूज) झाली, कासेत ट्यूब सोडली, आणि त्याच संध्याकाळचं दूध डेअरीला. किती दिवस दूध बाजूला काढायचं हे सांगणारा कोणी नव्हता. म्हणजे ज्यांच्याकडे एकही जनावर नाही त्या शहरातल्या लोकांचाही हा प्रश्न आहे, चहाच्या कपातून.

---

निवृत्त_पर्यवेक्षक

पूर्ण सहमत. २०२२ चा लम्पी, गुरांच्या अंगावर गाठी येणारा रोग, आठवतो का? ऑगस्टमध्ये राज्यातली पहिली जनावरे सापडली ती जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात. पुढच्या काही महिन्यांत राज्यभर शेळ्यांच्या देवीची लस टोचून झाली. मी निवृत्त, तरी मला बोलावणे आले. महाविद्यालयांतली मुले आली, खासगी डॉक्टर आले, रात्रंदिवस काम झाले. दुभती गाय मेली तर ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी भरपाईही मिळाली. म्हणजे ठरवले की होते. पण साथ असली की सगळे धावतात. धागाकर्त्याची गाय साथीत गेली नाही, त्यामुळे ती कोणत्याच तक्त्यात नाही.

---

शेळीवाली_ताई

भरपाईत शेळी नव्हती बरं. (लम्पी शेळीले होत नाही हे मले माहीत आहे. तरी लिहून ठेवते.)

---

हिशेबी

ताई :)

मला वाटतं इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. पदं भरणं हा एक. २,७९५ जागा भरल्या की दिवसाचा प्रश्न बराच सुटेल. पण नेमणूक झालेला माणूस तालुक्यालाच राहिला तर धागाकर्त्याची रात्र तशीच राहणार. रात्रीसाठी चार-पाच दवाखान्यांचा गट करून आळीपाळी लावावी लागेल, आज याची रात्र, उद्या त्याची. त्यात खासगी डॉक्टरही घ्यावेत. त्यासाठी नव्या इमारती लागत नाहीत, फक्त रात्रीचा भत्ता आणि डिझेल.

---

करवीरकर

आणि एक गाडी, चालकासकट. पोरीनं लिवलंय ते विसरू नगा, अनोळखी माणसाच्या मागं बसून जायचं हा काय धंदा हाय व्हय?

---

बालाघाटी

इथलं सगळं मी गावात चावडीवर वाचून दाखवलं. अर्ध्या लोकांना मिनेसोटा कुठे आहे याचीच उत्सुकता. पण एक गोष्ट पटली: मुक्काम. ग्रामपंचायतीची एक खोली रिकामी आहे, आधी तलाठी कार्यालय होतं. सतरा घरांनी दर महिना दोनशे रुपये काढायचे ठरवलंय. शेजारच्या दोन गावांनी साथ दिली तर सत्तर घरं होतील. त्यात डॉक्टरचा पगार निघत नाही हे मला कळतं. पण आठवड्यातून तीन रात्री कोणी मुक्कामी राहिला तर खोली, जेवण आणि गाडीचं डिझेल निघेल. फी ज्याची तो देईल. खासगी डॉक्टरांशी बोललोय. ते म्हणाले, विचार करतो, आधी दोन्ही गावांचं नक्की करा.

---

शिरवळची_पोरगी

खोलीला दार आहे का? आणि संडासाला?

---

बालाघाटी

खोलीला आहे. संडासाचं दार या आठवड्यात बसवतो, फोटो टाकतो.

---

शिरवळची_पोरगी

टाका. आंतरवासितेत थोडे दिवस आम्ही तिघी मिळून येऊ शकतो का, सरांना विचारते. नोंदणी नसल्यामुळे एकटीने उपचार करता येणार नाहीत, खासगी डॉक्टरांच्या हाताखाली काम करू. ते तयार असतील तरच.

---

बालाघाटी

विचारतो त्यांना. दिवाळीनंतर या, म्हशी व्यायचे दिवस असतात, हाताला काम राहील. नळाला पाणी दिवसाआड येतं, ते आधीच सांगून ठेवतो.